तिसऱ्या पाळीची पुली

भोसरीला आठवड्यातून एकच दिवस कान असतात, तो गुरुवार. गुरुवारी औद्योगिक वसाहतीला सुट्टी. लेथ बंद, प्रेस बंद, चहाच्या टपरीवरची गर्दीसुद्धा निम्मी. अशा दिवशी शहाणा माणूस घरी लोळत पडतो. नंदकिशोर खळदकर मात्र सांगवीहून स्कूटर काढतो, पायांपाशी रेकॉर्डची पिशवी बाळाला जपावं तशी जपत भोसरीत येतो आणि रहिमान शिकलगारच्या वर्कशॉपचा लोखंडी जिना चढून माळ्यावर जातो.

माळा म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि चार भिंती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगलेल्या. त्या रहिमानच्या आईने, खातूनबीने शिवलेल्या. "पांघरायच्या वस्तू भिंतीला घालतात, येडी माणसं," असं म्हणत म्हणत तिने आणखी दोन शिवून दिल्या होत्या. मधोमध एक जड टेबल, त्यावर टर्नटेबल, आणि समोर सात-आठ खुर्च्या, एकीचंही दुसरीशी नातं नसलेल्या.

या बैठकीचे नियम कडक होते. वर आल्यावर मोबाइल आणि घड्याळं नट-बोल्टच्या ट्रेमध्ये टाकायची. सुई टेकली की तोंड बंद. आणि सगळ्यात मोठा नियम, बाजू संपेपर्यंत सुई उचलायची नाही, मग खाली आग लागो. हा नियम नंदकिशोरनेच केला होता आणि तोच त्याचा पोलीस होता. एकदा त्याच्या सख्ख्या व्याह्यांनी मध्येच पंखा लावू का म्हणून विचारलं, तर त्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते बिचारे तासभर घाम पुसत बसले आणि पुन्हा कधी आले नाहीत.

बाजू संपली की मात्र जे तोंड सुटायचं, ते चहाचे दोन फेरे झाले तरी थांबायचं नाही. नंदकिशोरचा जीव युरोपातल्या मोठ्या वाद्यवृंदांवर, त्यातही चेलोवर. मृदुलाताई आगाशे चिंचवडच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. त्यांना ख्यालापुढे बाकी सगळं पोरकट वाटायचं. आणि रहिमान म्हणजे लांबलचक इंग्लिश रॉकचा वेडा. ऑर्गन आणि गिटार एकमेकांच्या पाठी लागलेत, ड्रम सात मात्रांत चाललाय, गाणं अर्धा तास झाला तरी संपत नाही, असलं काही लागलं की तो डोळे मिटून बसायचा.

"ताई, तुमचा विलंबित ख्याल आणि माझा हा रॉक, दोघांनाही कुठली गाडी पकडायची नसते," तो म्हणायचा.

"ख्याल एकाच खोलीत बसून ती खोली मोठी करत नेतो. तुमचा बँड नुसता खोल्या बदलत फिरतो," मृदुलाताई म्हणायच्या. पण पुढच्या गुरुवारी त्याच तेवढ्या 'ती सात मात्रांची लाव रे' म्हणून हळूच सांगायच्या.

एका गोष्टीवर तिघांचं एकमत होतं. त्यांच्या टर्नटेबलवर रेकॉर्ड जशी वाजते तशी जगात कुठे वाजत नाही. ते यंत्र एका परदेशी इंजिनिअरने चाकणहून मायदेशी परतताना नंदकिशोरला देऊन टाकलं होतं. त्याची मोटर जळालेली. नंदकिशोर तेव्हा कंपनीच्या टूलरूमचा प्रमुख. त्याने इथलीच दुसरी मोटर शोधली, तिच्या वेगाला जुळेल अशा पुलीचं ड्रॉइंग काढलं आणि रहिमानने ती पितळी पुली लेथवर अशी उतरवली की तिच्यात तोंड दिसावं. मोटर फिरते, पुलीवरचा पट्टा तबकडी फिरवतो, आणि ख्याल असो की रॉक, सगळ्यात एक तेज येतं. तीच गाणी मोबाइलवर लावली की मरगळलेली वाटायची. 'डिजिटलमध्ये जीव राहत नाही,' असा निकाल या मंडळींनी केव्हाच देऊन टाकला होता. पुण्याच्या संगीतप्रेमींच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर नंदकिशोरने यावर लांबलचक लिहिलंही होतं.

त्या ग्रुपवर डेक्कनचे डॉ. ओजस घैसास नावाचे दातांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडची यंत्रणा एवढी महाग की तिच्यासाठी त्यांनी घराची एक भिंत पाडली होती. त्यांनी नंदकिशोरच्या लिखाणाखाली एवढंच लिहिलं, "पिंपरी-चिंचवडकडे आवाज भरपूर आहे. संगीताचं काय ते पाहायला यायला हवं." पुढे एक हसरा चेहरा.

तो हसरा चेहरा नंदकिशोरच्या मनात काट्यासारखा रुतून बसला. चाळीस वर्षं या गावात नोकरी केली, इथेच घर केलं, आणि कुणी पुलापलीकडून येऊन म्हणावं की तुमच्याकडे नुसता आवाज! त्याने उत्तर दिलं, "जरूर या. तुम्ही कधी न ऐकलेलं ऐकवतो."

आणि त्याच्याकडे तसं होतंही. 'तिसरी पाळी' नावाचा एक बँड. ऐंशीच्या दशकात पिंपरीच्या कारखान्यांतल्या चार अॅप्रेंटिस पोरांनी काढलेला. त्यांनी मुंबईला जाऊन एकच रेकॉर्ड केली, मोजक्या प्रती निघाल्या आणि सगळं विसरलं गेलं. नंदकिशोरला ती जुन्या बाजारात मिळाली होती. एका बाजूला एकच रचना. प्रेसच्या ठोक्यासारखा ड्रम सुरू होतो, त्यावर गिटार येते, आणि मग ऑर्गन असा काही सुटतो की पेटीवर बोटं घासलेल्या माणसालाच ते जमावं. ही रेकॉर्ड लागली की तिघांची छाती फुगायची. असलं काही आपल्या मातीत झालं होतं, आणि ते आपल्याला ठाऊक आहे!

रहिमानने ओळखीतून ओळख काढत त्या ऑर्गनवाल्याचा पत्ता लावला. सोपानराव. वय सत्तरीकडे झुकलेलं, देहूला राहतात, संध्याकाळी भजनात पेटी धरतात. तो आणि नंदकिशोर भेटायला गेले तर म्हातारबाबांनी चहा दिला, भरपूर बोलले, पण रेकॉर्डचं नाव काढताच हात झटकला.

"ती नगं. ती चांगली झाली न्हाई," ते म्हणाले. "माझ्या घरात बी न्हाई ती. बायकोला सुदिक कधी ऐकवली न्हाई."

"अहो, काय बोलता! आम्ही तिच्यासाठी वेडे झालोय," नंदकिशोर म्हणाला. "एकदा आमच्या यंत्रावर ऐका. मग बोला."

खूप आढेवेढे घेऊन सोपानराव एका गुरुवारी यायला कबूल झाले. घैसासांनाही त्याच गुरुवारचं आमंत्रण गेलं. नंदकिशोरच्या पायांना जणू चाकं लागली.

आदल्या गुरुवारी मृदुलाताई आपला इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेऊन आल्या. त्यांच्या आवडत्या गवयाच्या रेकॉर्डबरोबर तो जुळवायचा आणि तीच पट्टी घरी गायला धरायची, एवढाच त्यांचा बेत. गवई आयुष्यभर काळी एकमध्ये गायले, हे शाळकरी पोरालाही ठाऊक. रेकॉर्ड संपताना ताईंनी तानपुरा काळी एकवर लावला आणि त्यांचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा झाला. त्यांनी सूर वर सरकवला, आणखी सरकवला. पांढरी दोनच्या जवळ गेल्यावर कुठे तो रेकॉर्डशी मिळाला.

"डबा बिघडलाय तुमचा," नंदकिशोर म्हणाला.

"नवा आहे. आणि मोबाइलवरचा तानपुराही हेच सांगतोय."

रहिमान उठला. त्याने ट्रेमधून आपलं घड्याळ काढलं, तबकडीच्या कडेवर खडूने रेघ मारली आणि एका मिनिटाचे फेरे मोजले. तेहेतीसच्या थोडेसे वर यायला हवे होते. ते पस्तिसाला टेकत होते.

मग खडूनेच प्लायवूडच्या एका तुकड्यावर हिशेब झाला. मोटरचा वेग बरोबर. तबकडीचा व्यास बरोबर. पुलीचा व्यास ड्रॉइंगप्रमाणे बरोबर, अगदी दोराभरही फरक नाही. रहिमानने पट्टा काढला, दोन बोटांत धरला आणि नंदकिशोरकडे पाहिलं.

"भाऊ, याची जाडी धरली होती का आपण?"

नंदकिशोरने ती धरली नव्हती. पट्टा पुलीवर बसला की त्याची जाडी पुलीत धरायची असते, नाहीतर लहान पुली हिशेबापेक्षा मोठी ठरते आणि सगळंच जोरात फिरतं. हे तो टूलरूममध्ये प्रत्येक नव्या पोराच्या कानीकपाळी ओरडत आला होता. विसरणाऱ्याचा त्याने कान धरला होता. आणि स्वतःच्या घरच्या कामात, जिथे तपासणारा कुणी वरिष्ठ नव्हता, तिथे तो स्वतःच विसरला. घड्याळं ट्रेमध्ये टाकायचा नियम करून वर स्वतःला पकडण्याची वाटही बंद केली.

"म्हणजे आपलं ते तेज," मृदुलाताई हळूच म्हणाल्या, "ते नुसतं जोरात फिरत होतं."

रहिमानला आधी हसू आलं, मग नंदकिशोरचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं. "काढतो दुसरी पुली. ड्रॉइंग नीट द्या फक्त."

"काढ. पण हे या माळ्याबाहेर जाता कामा नये," नंदकिशोर म्हणाला. "घैसासांना कळलं तर मी त्या ग्रुपवर तोंड दाखवू शकणार नाही. तेजाबद्दल केवढं लिहून बसलोय मी!"

दोघांनी मान डोलावली. नव्या पुलीने तबकडी घड्याळाबरहुकूम फिरू लागली. जुनी पुली नंदकिशोरने टाकली नाही. का ते त्यालाही सांगता आलं नसतं. शर्टाच्या खिशात ठेवली आणि तिथेच राहिली.

पुढच्या गुरुवारी घैसास गाडी लावायला जागा शोधत शोधत आले. जिना चढताना हाताला ग्रीस लागलं, पण माणूस सभ्य, रुमालाने पुसून नमस्कार केला. सोपानराव देहूहून बसने आले. धुतलेलं धोतर, हातात घडी केलेली टोपी. पहिल्या खुर्चीवर ते असे बसले की जणू डॉक्टरकडे रिपोर्ट ऐकायला आलेत. मोबाइल, घड्याळं ट्रेमध्ये गेली. नंदकिशोरने रेकॉर्ड पुसली, दोन शब्दांत ओळख करून दिली आणि सुई टेकवली.

ड्रम सुरू झाला. बरोबर वेगाने, बरोबर सुरात. नंदकिशोरने आठवडाभर ही रेकॉर्ड मुद्दाम लावली नव्हती. काय हे! प्रेसचा ठोका कुठे गेला? कुणीतरी पोतं ओढत नेतंय तसं गाणं चाललं होतं. गिटार आली ती जांभई देतच. घैसास हनुवटीखाली हात ठेवून, मोठ्या सौजन्याने ऐकत होते. ते सौजन्य नंदकिशोरला त्या हसऱ्या चेहऱ्याहून जास्त लागलं.

मग त्याचं लक्ष सोपानरावांच्या हाताकडे गेलं. ऑर्गन सुरू झाला होता आणि म्हाताऱ्याची बोटं गुडघ्यावर आपोआप वाजवू लागली होती. पण बोटं पुढे पळत होती आणि रेकॉर्ड मागून येत होती. दर ओळीच्या शेवटी बोटं थांबायची, रेकॉर्ड येईपर्यंत वाट पाहायची, पुन्हा निघायची. असं चार-पाच वेळा झालं. मग सोपानरावांनी बोटं मुठीत मिटून घेतली, मान खाली घातली आणि ते पायाने चपला चाचपू लागले.

नंदकिशोरला ती चाल ओळखीची होती. बोटं ज्या वेगाने पळत होती, तो वेग त्याने इतकी वर्षं याच खुर्च्यांवर बसून ऐकला होता. तो वेग त्याच्या खिशात होता.

ते बाहेर काढायचं म्हणजे घैसासांसमोर सगळं सांगणं आलं. टूलरूमच्या माणसाने पट्ट्याची जाडी धरली नाही, वर त्या चुकीला तेज म्हणून मिरवलं. उद्या ग्रुपवर हसरे चेहरे येतील, एक नाही, पन्नास. नंदकिशोरने गप्प बसायचं ठरवलं. त्याने तसं ठरवलं आणि तेवढ्यात सोपानराव खुर्चीच्या दांड्यावर हात टेकून उठू लागले. बायकोला न ऐकवलेलं गाणं ऐकून हा माणूस दुसऱ्यांदा तेच तोंड घेऊन घरी जाणार होता, आणि या वेळी त्याला बोलावून आणलं होतं नंदकिशोरने.

नंदकिशोर उठला आणि त्याने सुई उचलली.

मृदुलाताईंनी तोंडावर हात नेला. रहिमानने तर दाराकडे पाहिलं, खाली खरंच आग लागली की काय म्हणून.

"सोपानराव, ही अशीच वाजवायची होती का तुम्हाला?" नंदकिशोरने विचारलं.

"न्हाई हो," सोपानराव उभ्याउभ्याच म्हणाले. "चौघं बी थेट रातपाळीवरनं निघालो हुतो. रातभर मशिनीवर उभं, मग सकाळची बस, आन तसंच स्टुडिओत. डोळं मिटत हुतं. आमचा ड्रमवाला तर बसल्या जागी डुलत हुता. वाजवताना वाटलं झ्याक झालं. ऐकलं तवा रडू आलं. जे बसवलं हुतं ते हे न्हवं. आन दुसऱ्यांदा कोण करू देतंय आमाला?"

"दहा मिनिटं बसा," नंदकिशोर म्हणाला. मग तो घैसासांकडे वळला. "डॉक्टर, तुम्हीही ऐकून ठेवा. आमचं यंत्र इतकी वर्षं जोरात फिरत होतं. हिशेब माझा, पट्ट्याची जाडी धरायला मी विसरलो. ते तेज-बीज मी लिहिलं ते त्या चुकीचं होतं. गेल्या आठवड्यात आम्ही ती दुरुस्त केली. आता मी ती परत बसवणार आहे."

त्याने खिशातून पुली काढली. रहिमानने पुलीचा स्क्रू सोडवायची अॅलन की पुढे केली. नवी पुली उतरली, जुनी चढली, पट्टा बसला. रहिमानने पुलीवरून एकदा अंगठा फिरवला, आणि नंदकिशोरने सुई पुन्हा पहिल्या रेघेवर टेकवली.

ठोका पडला आणि खुर्च्यांच्या पायांना जाणवला. हा प्रेस होता! चार पोरं झोपून उठून, तोंड धुऊन, ताजीतवानी होऊन कामावर आली होती. गिटार आली ती पळतच. आणि मग ऑर्गन. सोपानरावांची मूठ उघडली. बोटं गुडघ्यावर निघाली, आणि या वेळी रेकॉर्ड त्यांच्या बरोबरीने, खांद्याला खांदा लावून. ओळीच्या शेवटी कुणाला कुणासाठी थांबावं लागलं नाही. म्हातारा ताठ झाला. मान वर गेली. डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलंसुद्धा नाही, हात मोकळे नव्हते. सात मात्रांचा अवघड तुकडा आला तेव्हा त्याने डाव्या पायाने असा ठेका धरला की रहिमानच्या तोंडून नियम मोडून 'वा' निघालं, आणि नियमाच्या पोलिसाला ते ऐकूही आलं नाही. तो स्वतःच रडत होता.

बाजू संपली. सुई मधल्या रेघेत खरखरत राहिली तरी कुणी उठेना.

"सूर चढलाय वाईच," अखेर सोपानराव म्हणाले. "चढू द्या. हेच बसवलं हुतं आमी. अक्षी हेच!" मग ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, आणि आवाज पार बदललेला होता, "हे आमी केलंय. पिंपरीच्या पोरांनी."

घैसास यंत्राकडे पाहत होते. "माझ्याकडे वेग एका काट्याने तपासता येतो," ते म्हणाले. "मी ही रेकॉर्ड अगदी अचूक वाजवली असती. आणि पुन्हा कधी लावली नसती." ते उठून सोपानरावांच्या पाया पडले. मग नंदकिशोरला म्हणाले, "ग्रुपवर मी ते आवाजाबद्दल लिहिलं होतं ना, काढून टाकतो."

"काढू नका," नंदकिशोर म्हणाला. "राहू द्या. त्याखाली आज काय ऐकलं ते लिहा. पुलीचंही लिहा. माझ्या नावासकट."

"आणि कुणी विचारलं की बरोबर पुली कोणती, तर?"

"बरोबर ती नवी," रहिमान मध्येच म्हणाला. "तिच्यावर ताईंचे गवईबुवा ऐकू. ही जुनी 'तिसरी पाळी'ची." त्याने खालून पंच आणि हातोडी आणली आणि पुलीच्या वरच्या तोंडावर, पितळेत, ठोकून ठोकून 'ति. पा.' अशी अक्षरं उमटवली. एवढी देखणी पुली बिघडवताना त्याचा हात जराही अडखळला नाही.

चहा झाला. रॉक की ख्याल, हा वाद नेहमीसारखा पेटला आणि घैसासही बाह्या सरसावून त्यात उतरले. सोपानराव मात्र घाईत होते. त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली आणि जिन्यापाशी थांबून नंदकिशोरचा हात धरला.

"पुढच्या गुरुवारी बी ही पुली बसवशीला न्हवं?"

"का हो?"

"आमच्या इंद्रायणीला घेऊन येतो," म्हातारा म्हणाला. "लगीन झाल्यापासनं इचारतीया, तुमी असं काय वाजवलं हुतं म्हून. येऊ द्या तिला. बसू द्या म्होरल्या खुर्चीवर."